डोलकाठी उभी राहते ती कशाच्या जोरावर?

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरी शिडाच्या बोटीचं गणित चिखली-मेहकरच्या शेतकऱ्याला चटकन उमगावं. विजेची लाइन वळते तिथल्या खांबाला जमिनीत रुतवलेली तिरपी ताणतार असते. ती सुटली की खांब कलतो. बोटीची डोलकाठीही अशाच ताणलेल्या तारांच्या जोरावर उभी राहते.

गैरसमज : काठी जाड असली की भागलं.
आजची डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते. शीड तिला बाजूला ढकलतं आणि तारा खाली दाबतात. दाबाखाली लांब नळी मधेच वाकते. तिला मध्यावर बाजूने आधार दिला, तर तत्त्वतः ती चौपट दाब सोसते. म्हणून जाडीपेक्षा आधार महत्त्वाचा.

गैरसमज : स्प्रेडर फक्त तारा काठीपासून दूर ठेवतात.
सगळ्यात जास्त घोळ इथेच. स्प्रेडर म्हणजे काठीवरून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दांड्या; बाजूच्या तारा त्यांच्या टोकांवरून जातात. बोट अरुंद, काठी उंच. त्यामुळे बाजूची तार काठीला जवळजवळ समांतर जाते. तार काठीशी 12 अंशांऐवजी 6 अंशांचा कोन करत असेल, तर तेवढाच आधार द्यायला तिच्यावर सुमारे दुप्पट ताण येतो. स्प्रेडर हा कोन वाढवतात आणि काठीला मधे आधारही देतात. दांडीच्या टोकाने तारेचा कोन समान दुभागला पाहिजे, म्हणून टोक किंचित वर असतं. ते खाली झुकलं तर तार त्याला आणखी सरकवते आणि काठी जाते.

गैरसमज : तारा जितक्या घट्ट तितकं बरं.
नाही. अति ताणाने बोटीचं अंगच वाकतं. सैल तारही वाईट, कारण वाऱ्याच्या प्रत्येक झोताला हिसका बसतो. एकोणीस पदरी स्टीलच्या तारेचा 2 मीटर तुकडा 1 मिलीमीटर लांबला, की तुटण्याच्या भाराच्या सुमारे 5 टक्के ताण आला समजावं. मुख्य बाजूच्या तारांना साधारण 15 ते 20 टक्के पुरे.

गैरसमज : काठी मोडली म्हणजे ताण चुकला.
तसंच असेल असं नाही. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही शिडाची बोट सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली आणि डोलकाठी गेली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या बोटीच्याही काठ्या गेल्या. पाण्याखाली जाणाऱ्या काठीला तारा कितीशा वाचवणार?

मुंबई-गोव्यात शिडाच्या बोटीवर चढलात, तर आधी वर बघा. स्प्रेडरचं टोक खाली झुकलेलं दिसलं, तर निघण्यापूर्वीच चालकाला सांगा.