बैठकीची धूळ आणि तिची साधने

घरातील जिनसांची निगा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात लाकडी सामानाच्या पॉलिशविषयी लिहिताना, त्या लाकडावर जे बसवलेले असते त्याचा, म्हणजे गादीचा, पाठीचा आणि त्यांवर ताणून खिळलेल्या कापडाचा विचार पुढे ढकलला होता. तो विचार अधिक कठीण आहे. कारण लाकडावरची धूळ डोळ्यांना दिसते आणि फडक्याला येते, पण कापडाच्या विणीत उतरलेली धूळ दिसत नाही, आणि कोणी जोराने बसले म्हणजे तिरिपीत उडताना काय ती क्षणभर प्रत्ययास येते.

आपल्याकडे बैठक म्हणजे पूर्वी खुर्ची नव्हे. जमिनीवर जाजम, त्यावर गादी, गादीवर पांढरी चादर, भिंतीशी लोड आणि तक्के, हाताशी गिरद्या, असा तो सरंजाम असे. आणि त्याची बरदास्त ही इतकी महत्त्वाची गोष्ट मानली जाई की मराठेशाहीतील अठरा कारखान्यांत तंबू-बिछायतीसाठी फरासखाना नावाचे स्वतंत्र खाते होते, ज्याचे नाव पुण्यातील एका पोलीस ठाण्याने आजवर जपले आहे. त्या बैठकीचा मोठा गुण असा की तिचा प्रत्येक भाग सुटा होता. चादर व अभ्रे धुवावे, गादी उन्हात टाकून छडीने झोडावी, आणि कापूस दबून त्याच्या गाठी झाल्या म्हणजे पिंजाऱ्याला बोलावून तो धनुकलीवर पुन्हा मोकळा करून घ्यावा, हा घरोघरचा दस्तुर होता. सोफा आला आणि हे सर्व एका चौकटीत खिळले गेले. ते अंगणात नेता येत नाही, हौदात बुडवता येत नाही. साधनच त्याच्यापाशी न्यावे लागते, आणि साधनाच्या निवडीचा प्रश्न येथून सुरू होतो.

आमच्या राजुरात हा प्रश्न विशेष जाणवतो. राजुरेश्वराच्या दर्शनासाठी संकष्टीस, आणि त्याहून अधिक अंगारकीस, भोकरदन तालुक्यातूनच नव्हे तर दूरदूरच्या मुलखातून माणसे येतात, कित्येक पायी येतात, आणि ज्यांचे आप्त गावात आहेत त्यांच्या घरी त्या दिवशी सकाळपासून बैठक रिकामी राहत नाही. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यातील अंगारकीला एका पाहुण्या बालकाचे चिखलाचे पाय आमच्या मखमली सोफ्यावर उमटले. ते पाहवेना म्हणून मी कपडे घासण्याचा ताठ ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन तत्काळ घासावयास बसलो. चार बोटांचा डाग वीतभर झाला. मखमलीची लव त्या जागी चुरगळली ती पुन्हा उभी राहिली नाही. आणि आतला फोम आठ दिवस ओलसर राहून त्यातून कुबट वास येऊ लागला.

माझ्या हातून झालेल्या चुकीचे कारण आमच्या शेतात होते. आमची जमीन काळी, कापसाची. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि वाळले म्हणजे आक्रसतात. वैशाखात शेताला ज्या भेगा पडतात आणि मृगात जी माती वहाणेला सोडत नाही, त्या दोहोंचे मूळ हेच. अशी माती ओली असताना तिच्यावर ब्रश फिरवणे म्हणजे कापडाला सारवण करणे होय. तीच माती स्वस्थपणे वाळू द्यावी. मग ती आपण होऊन तडकते, चमच्याच्या बोथट कडेने खपल्यांसारखी निघते, आणि उरलेली भुकटी मऊ केसांच्या ब्रशाने, लवेच्या दिशेने, हलक्या हाताने सरते. चिखलाला उतावीळ हात आणि पाणी या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत.

कोरडी धूळ मात्र साचू देता कामा नये. तिच्यात वाळूचे तीक्ष्ण कण असतात, आणि आपण बसतो-उठतो तसतसे ते धागा आतून कातरतात. तिच्यासाठी बहुतेक घरांत फडा किंवा केरसुणीच उचलली जाते, आणि लक्ष्मीपूजनाला जिची आपण पूजा करतो तिच्याविषयी उणा शब्द काढण्याचे कारण नाही. परंतु तिचे क्षेत्र फरशी आहे. कापडावर ती जाड कचरा ढकलते आणि बारीक धूळ उडवते, जी घटकाभराने पुन्हा तेथेच बसते. याहून एक जुनी तजवीज पुष्कळ चांगली आहे: जुनी सुती चादर भिजवून घट्ट पिळावी, सोफ्यावर पसरावी आणि वरून छडीने बेताने झोडावे, उडणारी धूळ ओलसर कापडाला धरून राहते. चादर उचलल्यावर तिचा रंग पाहिला म्हणजे आपण कशावर बसत होतो ते कळते.

धूळ उडू न देता कापडात धरण्याच्या याच तत्त्वाचा शोध लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याला एका खुर्चीवरच लागला, हे वाचकांस कौतुकाचे वाटेल. धूळ फुंकून काढणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक त्याने पाहिले होते. फुंकण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, या विचाराने त्याने एका उपाहारगृहातील मऊ खुर्चीवर हातरुमाल ठेवून त्यातून तोंडाने श्वास ओढला, आणि रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा काळा ठसा उमटला. १९०१ साली त्याने पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे त्यानेच साफ केले.

आजचे व्हॅक्यूम क्लीनर हे त्या रुमालाचेच अपत्य. ते घेताना खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नये: तो आकडा विजेच्या खर्चाचा आहे, ओढीचा नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती यंत्रांना १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तेथील घरे स्वच्छच आहेत. पाहावयाचे ते यंत्राचे तोंड आणि त्याची गाळणी. पाठ व बैठकीसाठी वीतभर रुंदीचे सपाट तोंड, सांध्यांत व शिवणीत शिरणारी अरुंद चोच, आणि मखमलीसाठी मऊ केसांचे गोल तोंड, ही तिन्ही असावीत. गाळणी बारीक नसेल तर पुढून ओढलेली धूळ मागून खोलीत येते. घरात जुने हिमरू वा रेशमी कापड असेल, तर तोंडावर विरळ जाळीचे कापड बांधून ओढ कमी ठेवावी, म्हणजे सुटा धागा ओढला जात नाही. वस्तुसंग्रहालयांतूनही जुनी वस्त्रे जाळीआडूनच साफ करतात.

आता ओल्या साधनांकडे येऊ. मोठ्या कारखान्यांच्या सोफ्यावर गादीच्या तळाशी एक चिठ्ठी शिवलेली असते: डब्ल्यू म्हणजे पाणी चालेल, एस म्हणजे केवळ विद्रावक, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, आणि एक्स म्हणजे धूळ ओढण्यापलीकडे काहीही नको. आमच्याकडचे बहुतेक सोफे स्थानिक कारागिराच्या हातचे, त्यांना चिठ्ठी कोठून असणार? तेथे मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओलसर पांढरे फडके दाबून धरावे. त्याला रंग लागला तर पाण्याचा विचार सोडावा. पाणी फवारून तेच परत ओढणारे यंत्र पॉलिस्टरच्या कापडाला उत्तम, पण कापूस भरलेल्या गादीला अयोग्य. शिवाय कूपनलिकेच्या जड पाण्याचे पांढरे वळ कापडावर राहतात, म्हणून शेवटचा हात गाळलेल्या पावसाच्या पाण्याचा असावा. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात असे यंत्र चालवण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

दोन डाग आमच्या घरांचे खास आहेत. हळदीच्या डागाला साबण लावू नये, साबणाच्या क्षाराने तो तांबडा होतो. पाण्याने टिपून कापड उन्हाकडे करावे, उन्हाने तो हळूहळू उडतो. देवाचा शेंदूर तेलात कालवलेला असतो. त्यावर शंखजिऱ्याची पूड रात्रभर ठेवून तेल शोषू द्यावे आणि ती पूड ओलसर कागदाने टिपून टाकावी. ती झटकू नये, कारण पारंपरिक शेंदरात शिसे असते.

पुढील लेखांकात जाजम, सतरंजी व गालिचा यांचा विचार करू. तोवर वाचकांनी आपल्या सोफ्याची गादी एकदा उचलून तळाची चिठ्ठी वाचावी, आणि चिठ्ठी नसल्यास पांढऱ्या फडक्याची परीक्षा पावसाळ्यापूर्वीच उरकून घ्यावी.