जुनाट दुखण्यावरील पुस्तक कसें निवडावें?

इजा भरून आल्यावरही मेंदू कधीं कधीं धोक्याची सूचना देतच राहतो. ती वेदना खरीच असते. म्हणून घरांतील दुखणाइतासाठीं पुस्तक घेतांना आम्ही तीन गोष्टी पाहतों : तें आधीं डॉक्टरी तपासणी करावयास सांगतें काय, रोग्यास ढोंगी न ठरवितां धीर देतें काय, व पुरावा दाखवितें काय. डॉ. जॉन सार्नो यांच्या ‘हीलिंग बॅक पेन’नें (१९९१) पुष्कळांस धीर दिला, परंतु दडपलेल्या क्रोधामुळें स्नायूंस प्राणवायु कमी पडतो, हें त्यांचें मत सिद्ध झालेलें नाहीं. अ‍ॅलन गॉर्डन यांच्या ‘द वे आउट’मधील (२०२१) उपचाराचा प्रयोग पाठदुखीच्या १५१ रुग्णांवर झाला, उपचार मिळालेल्या ५० पैकीं ३३ जणांची वेदना बहुतेक नाहींशी झाली, मात्र उपचारकाच्या साह्यानें, केवळ वाचनानें नव्हे. सबब पालकहो, पुस्तक अवश्य आणावें. पण तें डॉक्टरांचे जागीं बसवूं नये.