सरासरी आणि दुष्काळ : कातालोनियातील तापमान व पर्जन्य

पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. त्यापायी माणसांची, गुरांची, पिकांची जी दैना होते तो दुष्काळ. मराठीने हे दोन शब्द वेगळे राखले आहेत. स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया या भूमध्यसागरी प्रदेशाच्या हवामाननोंदी वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते, कारण तेथे अवर्षण सिद्ध करणे कठीण आणि टंचाई मात्र डोळ्यांना दिसणारी, असा प्रकार आहे.

या प्रदेशाचे ऋतुमान आपल्याहून निराळे आहे. उन्हाळा कोरडा असतो आणि बहुतेक भागांत पाऊस मुख्यत्वे शरद व वसंत या ऋतूंत पडतो. नोंदींची परंपराही जुनी आहे. बार्सेलोनाच्या टेकडीवरील फाब्रा वेधशाळा आणि तोर्तोसाजवळची, जेझुइट धर्मगुरूंनी उभारलेली एब्रो वेधशाळा, या दोहोंची स्थापना १९०४ मधली.

तापमानाबाबत या नोंदी निःसंदिग्ध आहेत. १९५० पासून वार्षिक सरासरी तापमान दर दशकाला सुमारे पाव अंश सेल्सियसने वाढत आले असून उन्हाळ्यातील वाढ त्याहून अधिक आहे. एस्तार्तित या किनाऱ्यावरील गावी एका हौशी निरीक्षकाने १९७० च्या दशकापासून होडीतून जाऊन, ऐंशी मीटर खोलीपर्यंत समुद्राचे तापमान मोजले. त्या मालिकेतही वाढच दिसते. मोठमोठ्या संस्थांच्या कामात अशा एकाकी चिकाटीचा वाटा किती असतो, हे सहसा सांगितले जात नाही.

पर्जन्याची गोष्ट वेगळी. वार्षिक पाऊस किंचित घटलेला दिसतो, परंतु वर्षावर्षांतील चढउतार एवढे मोठे आहेत की ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरत नाही. निर्णायक ठरते ती उन्हाळी पावसातील घट.

मग नद्यांचे पाणी का आटले? एक कारण उघड आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ती माती आणि झाडांतून अधिक पाणी ओढते. दुसरे कारण अनपेक्षित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरातली शेती आणि कोळसा पाडण्याचा धंदा ओस पडला व त्या जमिनींवर रान माजले. आज कातालोनियाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. ही झाडे पडलेल्या पावसातला मोठा वाटा स्वतःच पितात. वनवाढ म्हणजे जलसमृद्धी, हे आपल्याकडचे लाडके समीकरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

२०२१ ते २०२४ या काळात मात्र पाऊसही खरोखरच रुसला. साऊ धरणात १९६० च्या दशकात बुडालेल्या गावाच्या अकराव्या शतकातील चर्चचा मनोरा पायथ्यापर्यंत उघडा पडला. धरणांतील साठा सोळा टक्क्यांखाली गेल्यावर १ फेब्रुवारी २०२४ रोजी बार्सेलोना आणि परिसरात आणीबाणी पुकारली गेली; दरडोई दररोज २०० लिटर ही पाणीपुरवठ्याची कमाल मर्यादा ठरली. २०२५ च्या वसंतात भरपूर पाऊस झाला आणि साठे सावरले. वार्षिक सरासरीच्या आलेखात अशी वर्षे मागील तूट झाकून टाकतात.