मोबाइलच्या पोटातील खनिजे आणि खासदारांना एक विनंती

गेल्या महिन्यात विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून आठवीचा तास आमच्याकडे आला. आम्ही भाषा शिकवणारे, विज्ञान काय शिकवणार? घरातला एक बंद पडलेला मोबाइल नेला आणि मुलांसमोर उघडून ठेवला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, यात सोने असते हे खरे का?" खरे आहे, पण अगदी थोडे, असे आम्ही म्हणालो. "मग ते कुठून येते?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. उद्या सांगतो म्हणून वेळ निभावून नेली.

त्या 'उद्या'ला दोन आठवडे लागले. जे वाचले ते वर्गात सांगितले. आता तेच वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण असा मोबाइल आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

चार धातू

मोबाइलमध्ये अनेक धातू असतात. त्यांपैकी चारांची चर्चा जगभर होते. पहिले सोने, जे जोडांवर पातळ थर म्हणून चढवतात. दुसरे कथील. आपल्या तांब्याच्या देगांना कल्हई करतात तेच. सर्किटवरचे भाग सोल्डरिंगने जोडताना ते लागते. तिसरे टंगस्टन, फोन थरथरवणाऱ्या छोट्या मोटरीत असते. चौथे टँटलम. ते वीज साठवून ठेवणाऱ्या इवल्याशा भागांत वापरतात. हे टँटलम 'कोल्टन' नावाच्या काळ्या खनिजापासून मिळते आणि त्याच्या जागतिक उत्पादनात सर्वात मोठा वाटा आफ्रिकेतील काँगो या देशाचा आहे.

काँगोच्या पूर्व भागात, रवांडाच्या सीमेजवळ, उत्तर किवू नावाचा प्रांत आहे. तेथे रुबाया गावाच्या डोंगरांत माणसे फावड्यांनी आणि हातांनी कोल्टन खणतात. २०२४ मध्ये एम-२३ या सशस्त्र गटाने रुबायाचा ताबा घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार, तेथील कोल्टनवर कर लावून हा गट दरमहा किमान ८ लाख डॉलर मिळवत होता. हा माल सीमेपलीकडे नेऊन रवांडाच्या मालात मिसळला जातो, असेही त्या अहवालात म्हटले आहे. एम-२३ ला पाठबळ दिल्याचा आरोप रवांडा नाकारतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीस या गटाने गोमा हे प्रांताचे मुख्य शहर घेतले आणि फेब्रुवारीत बुकावू. याच बुकावूमध्ये डॉ. डेनिस मुकवेगे यांचे पांझी रुग्णालय आहे. युद्धात अत्याचार झालेल्या हजारो स्त्रियांवर तेथे उपचार झाले. २०१८ चा शांततेचा नोबेल स्वीकारताना डॉ. मुकवेगे यांनी आपल्या भाषणात याच खनिजांचा आणि आपल्या हातातील फोनचा संबंध सांगितला होता.

हा देश आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानांनी गोमा परिसरात अनेक वर्षे पहारा दिला आहे.

कायदा काय करू शकतो?

खाणीतून निघालेले खनिज व्यापाऱ्याकडे, तेथून निर्यातदाराकडे आणि मग धातू गाळणाऱ्या कारखान्याकडे जाते. भट्टीत गेल्यावर कोणता कण कोणत्या डोंगरातला, हे ओळखणे जवळपास अशक्य. खाणी हजारो आणि मोबाइल कोट्यवधी आहेत, पण मधले हे गाळण-कारखाने जगात मोजकेच आहेत. म्हणून तपासणी तेथे करावी लागते. माल कुठून घेतला याचे कागद त्या कारखान्याने ठेवावेत आणि मोबाइल कंपनीने ते मागावेत, एवढी साधी ही कल्पना आहे.

अमेरिकेने २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायद्याच्या कलम १५०२ द्वारे ती अमलात आणली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी या चार धातूंचा उगम तपासून दरवर्षी अहवाल द्यावा, असे ठरले. युरोपीय संघाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तो खनिजे आणि धातू आयात करणाऱ्यांना लागू आहे.

कायद्याने काय साधले, काय नाही

येथे खरे सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०१० मध्ये काँगोच्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्वेकडील तीन प्रांतांत हाताने होणारे खाणकामच बंद केले. ही बंदी मार्च २०११ पर्यंत चालली. परदेशी खरेदीदारही झंझट नको म्हणून दूर झाले. बंदूकधाऱ्यांनी इतर वाटा शोधल्या, पण फावड्यावर पोट असलेल्या मजुराची चूल विझली. अमेरिकेतही २०१७ मध्ये या नियमाची अंमलबजावणी ढिली झाली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ मध्ये सांगितले की, या नियमानंतरही काँगोतील शांतता सुधारलेली नाही. कथील-टँटलमच्या पोत्यांना खूणचिठ्ठी तरी लावता येते. सोने खिशात मावते, म्हणून त्याची चोरटी वाहतूक सर्वात जास्त होते.

मग कायदा कशाला, असे कोणी विचारेल. आमचे उत्तर असे की, कायद्यापूर्वी कंपन्या "आम्हाला माहीत नाही" म्हणून मोकळ्या होत. आता ते म्हणणे तितके सोपे राहिलेले नाही. २०१४ मध्ये एका मोठ्या प्रोसेसर कंपनीने आपल्या प्रोसेसरमधील या चार धातूंचा युद्धाशी संबंध नसल्याचे जाहीर केले. म्हणजे मनावर घेतले तर माग काढता येतो. कमी पडला तो कायद्याचा दंड आणि प्रामाणिक खाणमजुराला दिलेला आधार. कायदा रद्द करणे हा त्यावर उपाय नव्हे. या उणिवा भरून काढल्या पाहिजेत.

आपण काय मागावे?

मांस घेताना आपण हलाल आहे का, हे विचारतो. कमाई हलाल आहे का, हेही पाहतो. मोबाइल घेताना मात्र किंमत आणि कॅमेरा यांपलीकडे प्रश्न जात नाही. अर्थात दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्यालाही ठाऊक नसते. हा प्रश्न विचारण्याची ताकद सरकारकडे आहे.

भारतात या चार धातूंसाठी असा कायदा नाही. हिऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण हे केलेले आहे. युद्धाला पैसा पुरवणारे हिरे रोखण्यासाठी २००३ मध्ये किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. भारत तिचा सदस्य आहे. सुरतेत पैलू पाडण्यासाठी येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांसोबत हे प्रमाणपत्र असावेच लागते. त्या पद्धतीतही उणिवा आहेत, पण त्यामुळे व्यापार बुडालेला नाही. आज भारत मोबाइल बनवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. जी चौकशी हिऱ्याची होते, ती मोबाइलमधील धातूंची का होऊ नये?

खासदारांकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात. एक, मोबाइल-संगणक बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी आपले गाळण-कारखाने दरवर्षी जाहीर करावेत आणि त्यांची स्वतंत्र तपासणी व्हावी. दोन, खोटी माहिती देणाऱ्याला दंड व्हावा. तीन, काँगोवर सरसकट बहिष्कार नको. प्रामाणिक खाणींचा माल घ्यावा आणि जुन्या उपकरणांतून धातू परत मिळवण्यावर भर द्यावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेतच.

कोणताही खासदार संसदेत प्रश्न विचारू शकतो, खासगी विधेयकही मांडू शकतो. असे विधेयक १९७० नंतर मंजूर झालेले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण प्रश्न विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, आणि तेथून सुरुवात होते.

आमच्या मुलांना मराठीत विनंतिपत्र लिहायला शिकवतो. दरवर्षी विषय तेच, ग्रंथालयाला पुस्तके द्या, बस थांबा द्या. या वेळी वर्गाने आपल्या खासदारांना पत्र लिहिले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचे पत्र दहा ओळींचे होते. त्यात तिने लिहिले की, आमच्या घरात तीन मोबाइल आहेत आणि त्यांतले धातू कुठले, हे जाणून घेण्याचा आम्हाला हक्क आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, दहा ओळी आपणही लिहू शकतो. खासदारांच्या स्थानिक कार्यालयात पत्र द्या आणि पोच घ्या. घरातला बंद मोबाइल कपाटात न ठेवता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, चालू असलेला एखादे वर्ष आणखी वापरा. आमच्या वर्गाच्या पत्रांना उत्तर आले, तर इन्शाअल्लाह याच मासिकातून कळवू.