टोचन (मोटारगाडी)

बंद पडलेले मोटारवाहन दुसऱ्या वाहनाच्या मागे दोर, साखळी, पट्टा किंवा लोखंडी दांडी यांनी जोडून ओढत नेण्याच्या क्रियेला महाराष्ट्रात बोलीभाषेत 'टोचन' म्हणतात. 'टोचन लावणे', 'टोचन करून आणणे' असे प्रयोग गॅरेज आणि ट्रकव्यवसायात रूढ आहेत. प्रस्तुत लेखात एका लहान मोटारीने साधारण तेवढ्याच वजनाची दुसरी मोटार दोराने ओढण्याचा, आणि त्यात असलेल्या धोक्यांचा विचार केला आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या किंवा क्रेनने उचलून नेलेली वाहने हा निराळा विषय होय.

ही क्रिया दिसायला सोपी असते. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये असलेली लहान मोटार दोन माणसे ढकलू शकतात; मग दुसऱ्या मोटारीने ती ओढण्यात अवघड ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा समज गाडी सावकाश, समगतीने आणि सरळ रेषेत चालते तोवरच खरा ठरतो. अपघात होतात ते गाडी निघताना, थांबताना, वळताना आणि उतरताना.

दोराचा स्वभाव

दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. बैलगाडीत बैल आणि गाडी यांच्यामध्ये जोखडाला जोडलेली लाकडी दांडी असते. म्हणून उतारावर बैल मागे रेटून गाडी धरून ठेवू शकतात. दोराने जोडलेल्या दोन मोटारींत ही सोय नसते. पुढची गाडी हळू झाली की दोराला झोल पडतो आणि मागची गाडी आपल्या वेगाने पुढे येतच राहते. त्यानंतर पुढची गाडी पुन्हा वेग घेते तेव्हा झोल एकदम संपतो आणि हिसका बसतो. टोचनातील बहुतेक मोडतोड या हिसक्याने होते.

हिसक्याचे बळ किती असते, हे साध्या गणिताने पाहता येते. ९०० किलोग्रॅम वजनाची मोटार सपाट डांबरी रस्त्यावर समगतीने ओढण्यासाठी सुमारे १३० न्यूटन बळ लागते, म्हणजे १३-१४ किलोग्रॅम वजन उचलण्याइतके. आता समजा, मागची गाडी उभी आहे, दोर ढिला आहे आणि तेवढ्याच वजनाच्या पुढच्या गाडीने ताशी ५ किलोमीटर वेग घेतल्यावर दोर ताणला गेला. पुढच्या गाडीची गतिज ऊर्जा या वेळी सुमारे ८७० जूल असते. दोन्ही गाड्यांचा वेग सारखा होईपर्यंत तिच्यातील निम्मी, म्हणजे सुमारे ४३५ जूल ऊर्जा दोराला सोसावी लागते. दोर ५० सेंटिमीटर ताणला जाणारा असेल, तर सरासरी बळ ८७० न्यूटनच्या आसपास राहते. तोच दोर १० सेंटिमीटरच ताणला, तर बळ ४,३५० न्यूटन होते. पोलादी तार अवघी २ सेंटिमीटर ताणली, तर ते २१,००० न्यूटनच्या पुढे जाते, म्हणजे दोन टनांहून अधिक वजनाइतके. ही सरासरी झाली. क्षणिक कमाल बळ याच्या सुमारे दुप्पट असते. वेग ताशी १० किलोमीटर असेल, तर ऊर्जा चौपट होते.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, 'जितकी मजबूत तार तितके चांगले' हा समज चुकीचा आहे; न ताणणारी तार स्वतः तुटत नाही, ती गाडीचा हुक किंवा त्यामागचा पत्रा उपटते. दुसरी अशी की, पहिले दोन-तीन मीटर अंतर क्लच सावकाश सोडत, जवळजवळ रांगत कापणे, हा सगळ्या कृतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

ताणणाऱ्या नायलॉनच्या दोराचाही एक दोष आहे. त्यात साठलेली ऊर्जा दोर किंवा हुक तुटल्यावर एका क्षणात सुटते आणि दोराच्या टोकाला असलेला लोखंडी हुक काच फोडून आत येऊ शकतो. दोर ताणलेला असताना आजूबाजूला बघ्यांनी उभे राहू नये, तो ओलांडू तर मुळीच नये. दोराच्या मध्यावर जाड घोंगडे किंवा गोणपाट टाकले, तर तुटलेला दोर उसळण्याऐवजी खाली पडतो. गाठ मारल्याने दोराची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून विहिरीचा किंवा माल बांधायचा जुना दोर चार गाठी मारून वापरणे धोक्याचे असते.

दोर कोठे बांधावा

आजच्या लहान मोटारींना ट्रकसारखी वेगळी चौकट नसते; पत्र्याचे कवच हीच त्यांची चौकट असते. त्यामुळे कारखान्याने ठरवून दिलेल्या जागीच ओढण्याचे बळ देता येते. अनेक गाड्यांत ओढण्याची कडी स्टेपनीजवळ हत्यारांबरोबर ठेवलेली असते आणि बंपरवरील लहान झाकण काढून ती आत पिळून बसवावी लागते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. ती अर्धवट पिळली, तर हिसक्यासरशी निसटते. बंपर, सस्पेन्शनचे हात आणि स्टिअरिंगचे दांडे यांना दोर बांधण्याची सवय रस्त्यावर सर्रास दिसते, पण ती चुकीची आहे. वाकलेला स्टिअरिंगचा दांडा त्या दिवशी लक्षात येत नाही. टायर एका बाजूने झिजू लागल्यावर किंवा त्याहून वाईट वेळी कळतो.

बंद इंजिनाची गाडी

ओढली जाणारी गाडी चालवणे हे नेहमीच्या चालवण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि ते बहुधा नवशिक्याकडे सोपवले जाते. ब्रेकवर पाय ठेवताच गाडी थांबते, त्यामागे चालू इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या बूस्टरची मदत असते. इंजिन बंद असताना साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे कडक लागते. ब्रेक निकामी झालेला नसतो, पण तो लागण्यासाठी कित्येक पट जोर लावावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस ब्रेक गेला असे समजून घाबरतो आणि पाय उचलतो. पॉवर स्टिअरिंगचीही गत तीच. कमी वेगात चाक वळवायला दोन्ही हातांचा पूर्ण जोर लागतो.

किल्ली काढली किंवा पूर्ण बंद केली, तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप बसते. चालत्या गाडीत हे घडले, तर गाडी वळवताच येत नाही. म्हणून किल्ली 'चालू'च्या खुणेवर असावी. त्यामुळे ब्रेकचे दिवे आणि पावसाळ्यात वायपरही उपलब्ध राहतात. इंजिन चालू शकत असेल आणि बिघाड क्लचसारख्या भागात असेल, तर ते मंद गतीने चालू ठेवणेच उत्तम. धोक्याचे चारही दिवे लावल्यावर अनेक गाड्यांत वळण्याचा इशारा वेगळा देता येत नाही. तेथे हाताने खूण करणे उपयोगी पडते.

थांबण्याचे अंतर

भारतातील १९८९च्या रस्ता नियमांनुसार ओढणाऱ्या वाहनाचा वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा आणि दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा होती. ताशी २४ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ६.७ मीटर जाते. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे पाहून मागच्याने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे पुढच्याने जोरात ब्रेक लावला, तर मागच्याचे ब्रेक कितीही चांगले असले, तरी पाच मीटरचे अंतर पुरत नाही. नियम पाळूनही हे घडते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच कारणाने अनुभवी चालक उलटी पद्धत वापरतात. पुढचा चालक शक्यतो ब्रेक लावत नाही. तो पाय उचलून वेग कमी होऊ देतो. मागचा चालक पुढच्या गाडीच्या पलीकडे रस्त्यावर नजर ठेवतो आणि हलका ब्रेक लावून दोर सतत ताणलेला ठेवतो. दोन्ही गाड्या थांबवण्याचे बरेचसे काम मागच्याच्या पायाकडे येते. वळणावरही मागच्याने किंचित बाहेरून जावे, म्हणजे दोर ढिला पडत नाही. निघण्यापूर्वी खुणा ठरवून घ्याव्यात. मोबाइलवर बोलत टोचन करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

घाटात या पद्धतीचीही कसोटी लागते. दहास एक चढावर ९०० किलोग्रॅमची मोटार धरून ठेवायलाच सुमारे ९० किलोग्रॅम वजनाइतके बळ लागते आणि ओढणाऱ्या गाडीला स्वतःचे तेवढेच ओझे असते. लहान इंजिनाच्या गाडीचा क्लच घसरून जळू लागतो. त्याचा उग्र वास येतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. उतारावर मागची गाडी बूस्टरविना, कडक पेडलवर धरावी लागते. बोरघाट, कसारा घाट किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी दोराने टोचन करू नये, हेच योग्य. लोखंडी दांडी वापरली, तर झोल आणि हिसका टळतात. पण ओल्या रस्त्यावर पुढच्याने ब्रेक लावताच मागचे वजन त्याला ढकलते आणि दोन्ही गाड्या कात्रीसारख्या दुमडू शकतात.

इतरांना असलेला धोका

आपल्याकडच्या रहदारीत हा धोका बहुधा सर्वांत मोठा आहे. दोन गाड्यांमधील मोकळी जागा पाहून दुचाकीस्वार त्यातून आडवा निघतो. सिग्नलला पादचारी तेथूनच रस्ता ओलांडतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळा किंवा मळकट दोर दिसत नाही. दोराच्या मध्यावर लाल किंवा पांढरे फडके बांधणे हा एक रुपयाही खर्च नसलेला उपाय आहे. दोर सहज ओळखता यावा, तसेच ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे, असे १९८९च्या नियमांत होते. चाके जमिनीवर असल्यास मागच्या गाडीत परवानाधारक चालक असणेही आवश्यक होते. या नियमांची जागा २०१७ साली नव्या मोटारवाहन चालन विनियमांनी घेतली. ब्रिटनमध्ये अंतराची मर्यादा ४.५ मीटर आहे. जर्मनीत टोचन करताना दोन्ही गाड्यांचे धोक्याचे दिवे लावणे बंधनकारक असून, महामार्गावर बंद पडलेली गाडी ओढत असल्यास पुढच्याच फाट्यावर बाहेर पडावे लागते.

ज्या गाड्या ओढू नयेत

ऑटोमॅटिक गिअरच्या बऱ्याच गाड्यांत गिअरपेटीला तेल पोहोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती असली, तर आतील भाग कोरडे घासले जातात. अशा गाडीची चालक चाके उचलून, किंवा संपूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीला दुसराच पर्याय लागू होतो. विद्युत मोटारीत चाके आणि मोटर बहुधा कायम जोडलेली असतात. चाके फिरली की मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करते, म्हणून तीही ट्रकवरच न्यावी. बॅटरी पूर्ण उतरलेल्या बटण-स्टार्ट गाडीचे स्टिअरिंग किंवा पार्किंग ब्रेक सुटतच नाही, असेही होते.

गाडी ओढत नेऊन गिअरमध्ये टाकून सुरू करण्याची जुनी रीत दोराने वापरू नये. इंजिन पकडताच मागची गाडी उसळी घेऊन पुढच्या गाडीवर आदळते. शिवाय न जळलेले पेट्रोल धूरनळीतील उत्प्रेरक यंत्रात जाऊन ते खराब होऊ शकते. ढकलून सुरू करणे त्यामानाने बरे.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.