गोवराची लस : एकदा टोचली, मग पुन्हा कशाला?



गावात गोवराच्या लसीची मोहीम आली की एक प्रश्न हमखास निघतो. "पोराला नवव्या महिन्यात टोचलंय, आता परत कशाला?" प्रश्न रास्त आहे. हिशेबच मांडू.

समजा, एका गावात वर्षाला 100 मुले जन्मतात. त्यातली 80 नवव्या महिन्यात लसीला आली. या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही बाळांच्या अंगात शिल्लक असते, ती लस रुजू देत नाही. म्हणून पहिल्या डोसाने शंभरात साधारण 85 जणांनाच संरक्षण मिळते. म्हणजे 80 पैकी 68. राहिली 32! तीन वर्षांत अशी शंभरेक मुले साठतात. वाळल्या कडब्याची गंजीच म्हणा ना. गोवराचा रोगी खोलीतून गेला तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. ठिणगी पडायचाच अवकाश.

लस कुणाला रुजली, कुणाला नाही, हे वरून ओळखता येत नाही. म्हणून मोहिमेत आधीचा डोस झालेला असला तरी सरसकट सगळ्यांना टोचतात. जादा डोसाने अपाय होत नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 पासून 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस अशीच दिली. पुढे कोरोनाच्या काळात नेहमीचे डोस चुकले, आणि 2022 साली मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला. मुले दगावली.

शेतीच्या माणसाने हे का सांगावे? तर गोवराचा विषाणू हा गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. जुन्या मंडळींना बुळकांडीने ओस पडलेले गोठे आठवत असतील. देशात 1954 पासून टोचणीची मोहीम चालली आणि 2011 साली बुळकांडी जगातूनच गेली. बैलाला टोचताना आपण कां-कूं केली नाही.

गोवर अंगावर आला तर नुसता लिंबाचा पाला बांधून बसू नका. पुढे न्यूमोनिया, हगवण लागते. दवाखान्यात न्या, तिथे अ जीवनसत्त्वाचे डोसही देतात.

नेहमीचे डोस दोन : पहिला 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले यात फार सुटतात. टोळीबरोबर निघताना कोयत्याइतकीच आठवणीने लसीचे कार्ड बांधून घ्या, आणि कारखान्यावर पोचलात की तिथल्या आशाताईंना दाखवा.