विम्यात फसवणूक नेमकी कशाला म्हणायचे?

खोटेपणा आणि तो करण्यामागचा हेतू, या दोन्ही गोष्टी असल्या तरच विम्यातील फसवणूक सिद्ध होते. पैसे उकळण्यासाठी जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा ठाऊक असलेली महत्त्वाची बाब दडवणे म्हणजे फसवणूक. न घडलेल्या अपघाताचा किंवा खोट्या बिलांचा दावा कोणालाही ओळखू येतो. खऱ्या अपघाताच्या दाव्यात गाडीचा आधीच फुटलेला दिवा घुसडणे मात्र अनेकांना गैर वाटत नाही. तीही फसवणूकच असते.

पीकविम्यातही अशी फसवणूक झाली. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याला एका रुपयात पीकविमा मिळू लागला. हप्त्याचा भार सरकारवर होता, तर शेतकऱ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राला अर्जागणिक मोबदला मिळत होता. त्यामुळे सरकारी, अकृषक आणि देवस्थानांच्या जमिनींवरही विमे उतरवले गेले. नसलेल्या फळबागाही कागदावर उभ्या राहिल्या. अखेर 2025 मध्ये एक रुपयाची सवलत बंद झाली. प्रामाणिक शेतकऱ्यालाही पुन्हा हप्ता भरावा लागला, ही यातली सर्वांत क्लेशदायक बाब.

आयुर्विम्यात प्रश्न जास्त नाजूक होतो. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याने अर्जात ‘आजार नाही’ असे लिहिणे ही लपवाछपवी. पण ज्याला आपल्या मधुमेहाचा पत्ताच नाही, त्याने तेच लिहिले तर ती फसवणूक ठरत नाही. अनेकदा एजंट भराभर रकाने भरतो आणि ग्राहक न वाचता सही करतो. पुढे जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, म्हणून अर्ज वाचूनच सही करावी.

विमा कायदा, 1938 च्या कलम 45 नुसार आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर फसवणुकीच्या कारणावरूनही नाकारता येत नाही. ही मुदत पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पॉलिसी पुनरुज्जीवित झाल्याची किंवा रायडर (पॉलिसीला जोडलेले पूरक संरक्षण) जोडल्याची तारीख, यांपैकी जी सर्वांत शेवटची असेल तिच्यापासून मोजतात. त्याआधी पॉलिसी नाकारायची तर कंपनीने कारणे लेखी कळवायला हवीत. फसवणूक नसलेल्या, पण जोखमीवर परिणाम करणाऱ्या चुकीमुळे पॉलिसी रद्द झाली, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात. आरोग्यविम्यात सलग पाच वर्षांनंतर माहिती दडवल्याचे कारण चालत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र तिथे अपवाद आहे.

ग्राहकही फसवला जातो. हप्ता खिशात घालणारा एजंट किंवा बनावट पॉलिसी विकणारा यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते. कंपनीने दावा अन्यायाने फेटाळला, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे इथे आहेत.